साओ पाउलोहून पारातीला बसने: तिकीट, घाट आणि सोबत ज्येष्ठ नागरिक

कृष्णाकाठ

नमस्कार.

जानेवारीच्या उत्तरार्धात मी आणि माझी आई (वय ६८) ब्राझीलला जाणार आहोत. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त साओ पाउलोत असतो. त्याच्याकडे काही दिवस राहून बसने पाराती या समुद्रकाठच्या जुन्या गावी जायचे, तिथे तीन-चार रात्री मुक्काम करायचा आणि तिथून पुन्हा बसनेच रिओ गाठून परतीचे विमान पकडायचे, असा ढोबळ बेत आहे. व्हिसाचे काम झाले आहे. भावाला त्या आठवड्यात रजा नाही, त्यामुळे हा टप्पा आम्हा दोघींनाच पार पाडायचा आहे. गाडी भाड्याने घ्या, असे तो सुचवतो. परंतु अनोळखी रस्त्यावर, उजव्या बाजूने गाडी हाकत, शेजारी आईला बसवून घाट उतरण्याची माझी तयारी नाही.

माझ्या शंका अशा. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांवर शेवटच्या पायरीला सीपीएफ नावाचा तिथला कर क्रमांक विचारला जातो आणि तो नसल्यास पुढे जाता येत नाही. मग परदेशी प्रवाशाने तिकीट कसे काढावे? रात्रीची बस घेतली तर एका रात्रीचे भाडे वाचेल असे वाटते, पण आईला ते झेपेल का? तिचे गुडघे दुखतात आणि वळणांच्या रस्त्यावर तिला गाडी लागते, म्हणून बसमध्ये शौचालय असते का आणि आसन कोणते निवडावे, हेही कळले तर बरे होईल. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. आणि शेवटचे, परतीचे विमान रिओहून रात्री दहाच्या सुमारास आहे. त्याच दिवशी सकाळी पाराती सोडले तर चालेल का?

या मार्गाने प्रत्यक्ष प्रवास केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

कांपिनासकर

कृष्णाकाठ, बसने जाण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, भावाची समजूत काढा. ब्राझीलमध्ये शहरांना जोडणारी प्रवासी रेल्वे जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे सर्व थरांतले लोक लांबच्या बसने जातात आणि ती व्यवस्था एकंदरीत शिस्तीची आहे. पारातीची बस साओ पाउलोच्या तिएते स्थानकावरून सुटते. हे स्थानक मेट्रोच्या निळ्या मार्गाला थेट जोडलेले असल्यामुळे शहरातल्या वाहतूक कोंडीत न अडकता तिथे पोहोचता येते.

तिकिटाचे म्हणाल तर सीपीएफ नसला म्हणून कोणाचे अडत नाही. स्थानकातल्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट मिळते. काही संकेतस्थळांवर कागदपत्राच्या रकान्यात पासपोर्ट निवडण्याची सोय असते, पण तिथवर पोहोचलेल्याचे भारतीय कार्ड पुढे नाकारले जाते, असेही बऱ्याचदा घडते. तुमच्या भावाकडे सीपीएफ असणारच आणि पिक्सने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या तिथल्या सोयीने, पैसे भरणे त्याच्या रोजच्या सवयीचे असेल, तेव्हा पैसे त्यानेच भरावेत. मात्र प्रवाशाच्या रकान्यात तुमची नावे पासपोर्टवर आहेत तशीच, आणि क्रमांकही तुमच्याच पासपोर्टचे लिहायला सांगा. बसमध्ये चढताना दाराशी तिकिटावरचे नाव आणि हातातले कागदपत्र ताडून पाहतात. तिथे मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल या भरवशावर राहू नका. पैसे भरताना बऱ्याचदा एक ऐच्छिक विमा आपोआप जोडला जातो, तो नको असल्यास काढून टाकता येतो. स्थानकाचे प्रवेशशुल्क मात्र भाड्याबरोबर द्यावेच लागते.

पाराती हे रिओ राज्यात येते. म्हणजे तुमचा पहिला टप्पा आंतरराज्य ठरतो आणि त्याला केंद्रीय नियम लागू होतात. २००९ च्या कायद्यानुसार अशा तिकिटाची मुदत एक वर्षाची असते. आईची प्रकृती बिघडली तर बस सुटण्यापूर्वी खिडकीवर कळवून तारीख बदलून घ्यावी. वाटेत बस बंद पडली, तर तीन तासांच्या आत पुढच्या प्रवासाची सोय करून देण्याची जबाबदारी त्याच कायद्याने कंपनीवर टाकली आहे. सामानाची मर्यादा डिकीत ३० किलो आणि हातात ५ किलो. डिकीत सामान ठेवताना प्रत्येक बॅगेला चिठ्ठी लावून तिचा दुसरा तुकडा तुमच्या हाती देतात. तो तुकडा पासपोर्टातच ठेवा, कारण उतरल्यावर तो दाखवल्याशिवाय बॅग मिळत नाही. औषधे, पासपोर्ट आणि आईची शाल हातातल्या पिशवीतच असू द्या. शाल मुद्दाम सांगतो आहे. बसमधला गारवा कमी करायची विनंती केली तर चालक हसून मान डोलावतो आणि गारवा तेवढाच राहतो.

आता रात्रीच्या बसबद्दल. प्रवास साधारण सहा तासांचा आहे. रात्री निघालात तर उजाडण्याच्या आसपास तुम्ही पारातीच्या स्थानकावर उभ्या असाल, आणि तिथल्या पाहुणघरांत खोली दुपारी दोनच्या आसपास मिळते. म्हणजे वाचलेल्या भाड्याच्या बदल्यात अर्धा दिवस सामान सांभाळत बसायचे, आणि तेही रात्रभर धड झोप न झालेल्या आईला घेऊन. शिवाय या वाटेवर पाहण्यासारखे जे काही आहे ते शेवटच्या दोन-अडीच तासांत आहे आणि ते अंधारात निघून जाईल.

साओ पाउलो साधारण साडेसातशे मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि समुद्राकडे जायचे तर सेरा दो मार ही डोंगररांग उतरावी लागते. देशावरून कोकणात उतरणाऱ्या माणसाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. वरती त्यामानाने गार हवा, घाटात धुके, खाली दमट उष्मा. बस सहसा तामोयोस महामार्गाने किनाऱ्यावरच्या कारागुआतातुबा शहरात उतरते. या घाटात २०२२ मध्ये लांब बोगद्यांचा नवा, ऐसपैस रस्ता झाला, पण तो चढणाऱ्या वाहनांसाठी आहे. उतरणाऱ्यांच्या वाट्याला जुनाच वळणांचा रस्ता येतो. घाट संपला म्हणून आईला निर्धास्त होऊ देऊ नका, कारण पुढच्या उबातुबा शहरापासून पारातीपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ताही डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत जातो. तिची नेहमीची गोळी भारतातूनच आणा आणि घाटाच्या अर्धा तास आधी द्या. शौचालय बसच्या शेवटी असते, म्हणून मागच्या रांगा टाळा. पुढून दुसरी ते चौथी रांग, उजवी बाजू, खिडकीशी आई. उबातुबा सोडल्यावर समुद्र उजव्या हाताला असतो.

साठीपुढच्या प्रवाशांना रांगेत अग्रक्रम देणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे आणि लोक ते मनापासून पाळतात. खिडकीवर आणि बसमध्ये चढताना आईला पुढे करा, संकोच बाळगू नका.

---

दर्याफिरस्ता

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण रात्रीच्या बसला सरसकट नकार देण्याशी मी सहमत नाही. जानेवारी म्हणजे तिकडची उन्हाळ्याची शाळा-सुट्टी. त्यातच २० जानेवारीला रिओ शहरात स्थानिक सुट्टी असते आणि २५ जानेवारीला साओ पाउलोच्या स्थापनेची. हे दिवस शनिवार-रविवारला जोडून आले की अर्धे शहर समुद्राकडे धावते. अशा शुक्रवारी दिवसा निघालेल्या बसचे सहा तासांचे आठ-नऊ कधी होतात ते कळत नाही, आणि मग रात्रीची बसच शहाणपणाची ठरते. कृष्णाकाठ यांना तारखा बदलता येत असतील तर मंगळवार किंवा बुधवार निवडून सकाळची बस घ्यावी, म्हणजे हा वादच उरणार नाही. सुट्टीच्याच दिवशी जाणे भाग असेल तर मी रात्रीच्या बाजूने मत देईन.

गावाबद्दल थोडे, कारण गुडघेदुखीचा प्रश्न बसपेक्षा तिथे अधिक जाणवेल. पारातीचे बस स्थानक जुन्या गावठाणापासून चालत काही मिनिटांवर आहे, रस्ता सपाट आहे. पण गावठाणाच्या वेशीवर साखळ्या लावलेल्या आहेत आणि त्यापलीकडे मोटारींना बंदी आहे. आतले रस्ते मोठाल्या, ओबडधोबड, एकमेकांशी न जुळणाऱ्या दगडांचे आहेत. चाकांची बॅग तिथे ओढता येत नाही, उचलावी लागते. धडधाकट माणसेही खाली बघूनच चालतात, आणि पाऊस पडून गेला की दगड निसरडे होतात. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी खालच्या गल्ल्यांत शिरते. ही काही आपत्ती नव्हे. रस्ते तसेच बांधले आहेत, आणि पांढऱ्या भिंती, रंगीत चौकटी पाण्यात उलट्या दिसू लागल्या की पर्यटक मुद्दाम तिकडे वळतात. आईसाठी मात्र ते पाणी ओसरेपर्यंत थांबावे लागेल. त्यामुळे राहण्याची जागा साखळीच्या आत घेऊ नका, कितीही देखणी असली तरी. स्थानक आणि गावठाण यांच्या मधल्या नव्या वस्तीत घ्या: टॅक्सी दारापर्यंत येईल, भाडेही कमी पडेल आणि जुने गाव पाहायला दिवसातून दोनदा सावकाश जाता येईल. आईच्या पायात पट्टा असलेले, रबरी तळाचे बूट हवेत.

मिनास जेराइसच्या खाणींतले सोने एके काळी खेचरांवर लादून याच गावात उतरवले जाई आणि इथून जहाजांनी पुढे जाई. पुढे थेट रिओकडे नवा रस्ता झाला आणि गाव मागे पडले. किनाऱ्याचा महामार्ग, ज्यावरून तुमची बस जाईल, तो १९७० च्या दशकात आला. मधल्या मोठ्या काळात कोणाला जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच नव्हता, आणि त्यामुळेच ती टिकली. २०१९ मध्ये युनेस्कोने पारातीला इल्या ग्रांदे बेटासह जागतिक वारसा यादीत घेतले.

एक अपेक्षाभंग आधीच टाळावा. गावाला लागून असलेले किनारे चिखलाचे आणि उथळ आहेत. पोहण्यासारखा समुद्र हवा असेल तर धक्क्यावरून सुटणारी नाव घेऊन बेटांकडे जावे लागते, किंवा त्याच बस स्थानकावरून गावगाडीने त्रिंदाजी या शेजारच्या किनाऱ्यावरच्या गावाला. त्रिंदाजीचा शेवटचा चढ-उतार बराच तीव्र आहे, त्यामुळे गाडी लागणाऱ्या माणसाला मी नावच सुचवेन; खाडीतले पाणी सहसा शांत असते.

---

हिरडा_बेहडा

बसचे बाकीचे सर्व लिहून झाले आहे, म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टींकडे लक्ष वेधतो. त्यातली पहिली फार महत्त्वाची आहे.

ब्राझीलमध्ये उतरताना भारतीय प्रवाशाकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला सहसा मागत नाहीत, पण परत येताना भारत सरकार तो मागते. दाखला नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला वैध होतो आणि ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साओ पाउलो आणि रिओ या दोन्ही राज्यांसाठी ही लस तशीही सुचवली जाते. तुमचा मार्ग ज्या जंगलपट्ट्यातून जातो तिथे ती केवळ औपचारिकता नाही. मात्र तुमच्या आईचे वय ६८ आहे, आणि साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते. म्हणून केंद्रावर सरळ रांगेत उभे राहण्याआधी त्यांच्या सर्व आजारांची आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. त्यांनी लस नको म्हटले तर तसे वैद्यकीय प्रमाणपत्र लेखी घ्यावे लागेल, आणि परतताना ते कितपत मान्य होईल याची चौकशी विमानतळाच्या आरोग्य विभागाकडे आधीच करावी. हे काम व्हिसाच्या बरोबरीने उरकायला हवे होते, पण अजून वेळ गेलेली नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. महामार्गावरच्या मोठ्या थांब्यांवर आत शिरताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. जे घ्याल त्याची नोंद त्यावर होते आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे असतात. काहीच घेतले नाही तरी कार्ड परत केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि हरवले तर दंड बसतो, म्हणून आईचे कार्ड तुमच्याकडेच ठेवा. तिथे सर्वत्र मिळणारे चीजचे गोल पाव शाकाहारी वाटतात, पण त्यांच्या पिठात बहुधा अंडे असते. शिजवलेल्या घेवड्यात अनेकदा डुकराचे मांस घातलेले असते. मांस नको म्हटल्यावरही हॅमचे सँडविच समोर येऊ शकते, तेव्हा हॅम नको हे वेगळे सांगावे. निर्धास्तपणे घेण्यासारखे म्हणजे केळी, पपई, ताजा उसाचा रस, भाजलेले काजू आणि शेंगदाणा-गुळाची वडी, जी चवीला थेट आपली चिक्कीच आहे. सहा तासांसाठी घरून दशम्या आणि कोरडी चटणी नेलीत तर आई अधिक समाधानी राहील. बसमध्ये खायला कोणी अडवत नाही.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लशीचे आमच्या डोक्यातच नव्हते. आईच्या डॉक्टरांना उद्याच फोन करते. पारातीला बुधवारी सकाळच्या बसने जाण्याचे ठरवत आहे आणि राहण्याची जागा साखळीबाहेरच पाहीन. परतीच्या दिवसाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. सकाळी सातच्या आसपास निघून दुपारी रिओत पोहोचले, तर रात्री दहाच्या विमानासाठी हातात बराच वेळ उरतो, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?

---

कांपिनासकर

हिशेब कागदावर बरोबर आहे. पाराती ते रिओ साडेचार-पाच तास लागतात, म्हणजे दुपारी बारापर्यंत नोव्हो रिओ स्थानकावर उतरायला हरकत नाही. जुलैत कोणी विचारले असते तर मी खुशाल जा म्हटले असते. जानेवारीत म्हणणार नाही.

कारण पाऊस. डिसेंबर ते एप्रिल हा या किनाऱ्याचा मुसळधार पावसाचा काळ, आणि तुमचा रस्ता उभ्या डोंगराच्या पायथ्याने जातो. एप्रिल २०२२ मध्ये पाराती आणि आंग्रा दोस रेइस परिसरात दरडी कोसळून माणसे दगावली. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच किनाऱ्यावर, साओ पाउलोच्या बाजूला, एका दिवसात सहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि रस्ते ठिकठिकाणी तुटले. अशी वर्षे दरवेळी येत नाहीत. पण लहान दरड पडून काही तास एकेरी वाहतूक चालू राहणे ही उन्हाळ्यातली नेहमीची बाब आहे, आणि तेवढेही तुमचे विमान चुकवायला पुरेसे आहे. पर्यायी वाट म्हणजे कुन्या गावाकडे चढणारा अरुंद, तीव्र चढाचा रस्ता. ऐन वेळी आईला आणि दोन बॅगांना घेऊन जाण्यासारखी ती वाट नाही. म्हणून आदल्या दिवशी रिओ गाठा आणि एक रात्र तिथे काढा. पारातीतली एक रात्र कमी झाली तरी चालेल.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. पाराती ते रिओ हा प्रवास एकाच राज्यातला असल्याने त्यावर राज्याच्या यंत्रणेची देखरेख असते. पहिल्या टप्प्यासाठी मी जे केंद्रीय नियम सांगितले ते इथे जसेच्या तसे गृहीत धरू नका, तारीख बदलण्याच्या अटी तिकीट घेतानाच विचारा. पारातीला उतरल्या उतरल्या त्याच स्थानकावर रिओची तिकिटे काढून टाका. या खेपेलाही उजवीच बाजू मागा. आंग्रा आणि मांगारातिबाच्या आसपास बेटांनी भरलेली खाडी बराच वेळ सोबत राहते, आणि आंग्राच्या अलीकडे अणुवीज केंद्राचा घुमट समुद्राला खेटून उभा दिसतो.

शक्य असेल तर हा टप्पा रविवारी करू नका. रविवारी दुपारनंतर सगळा किनारा शहराकडे परततो आणि रिओत शिरताना आव्हेनिदा ब्राझील या हमरस्त्यावर बस मुंगीच्या पावलांनी सरकते. नोव्हो रिओच्या बाहेर सामान घेऊन चालत फिरण्याजोगा परिसर नाही, विशेषतः अंधार पडल्यावर. स्थानकाच्या आतच टॅक्सीची खिडकी आहे, तिथे ठिकाण सांगून पैसे भरा आणि पावती घेऊनच बाहेर पडा. मोबाइलवरून गाडी बोलवायची असेल तर ती ठरलेल्या थांब्यावर आल्याचे दिसेपर्यंत आतच बसून राहा.